कवडूच्या डोळ्यातला विळा

ती निळी काच कवडूच्या हातात मी दिली. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण गेली तीन वर्षं ते सोडून बाकी सगळं मी लिहीत आलो. ग्रहण कधी लागलं, कधी सुटलं, त्या वेळा वहीत आहेत. उजेड कसा बदलत गेला त्याचं वर्णन आहे. इथल्या मराठी मंडळात वाचण्यासाठी केलेलं टिपणही आहे, चांगलं चार पानी. त्यातल्या एकाही कागदावर काचेचं नाव नाही. काच मी दिली, छातीठोकपणे दिली, आणि तिनं काय केलं हे कळल्यावर गप्प बसलो. गेल्या आठवड्यात ऑफिसातही हे लिहून दिलं आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल.

आता पुन्हा कार्तिक लागला आहे. शेजारच्या रुआबांधा या खेड्याकडून वारा आला की पिकलेल्या धानाचा वास येतो, आणि वारा फिरला की कारखान्याचा. या दोन वासांच्या मधे आमचं गाव वसलं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी इथं मुरूम होता, पळस होता आणि गुरांच्या वाटा होत्या. आम्ही विदर्भातून आलो तेव्हा भट्टीच्या जागी नुसता खड्डा होता आणि त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून लोक मुलांना सांगत, इथं लोखंड शिजणार आहे. कारखाना बांधून झाला असं मात्र अजून म्हणता येत नाही. एक भट्टी पेटते तोवर पुढच्या भट्टीचा पाया खणायला घेतात. संध्याकाळी लोखंडातून निघालेली तापलेली मळी ओतली की आकाशाचा तो कोपरा लाल होतो आणि हळूहळू विझतो. नव्या माणसाला वाटतं, सूर्य दुसऱ्यांदा मावळला. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही. पण कार्तिकात, धान कापणीच्या दिवसांत, तो लाल कोपरा पाहिला की माझ्या अंगावर काटा येतो.

मी पोलादाच्या भट्ट्यांच्या विभागात स्टोअरबाबू आहे. मोजे, चष्मे, फावडी, आणि लाकडी चौकटीत बसवलेल्या हातभर दांड्याच्या निळ्या काचा, हे सगळं माझ्या खिडकीतून जातं. ती काच नसेल तर भट्टीच्या दारातून आत बघताच येत नाही, नुसता पांढरा-पिवळा झगझगाट दिसतो. काच डोळ्यापुढे धरली की तो झगझगाट बाजूला सरतो आणि आत उकळणारं पोलाद दिसतं, एखाद्या तळ्यासारखं. कवडू हे तळं वाचायचा. तुमसरजवळच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याच जिल्ह्यातला. शाळेत चार वर्षं गेलेला. पण रंगाकडे बघून तो सांगायचा, "अजून दहा मिन्टं लागन जी," आणि नमुना प्रयोगशाळेत जाऊन परत येईपर्यंत त्याचं म्हणणं खरं ठरलेलं असायचं. साहेब लोक त्याला बोलावून घेत. तो काच धरून उभा राहिला की शेजारची माणसं बोलणं थांबवत.

माझा छंद आकाशाचा. भंडाऱ्याच्या शाळेत एका मास्तरांनी तो लावला. दर महिन्याला एका रविवारी मी मंडळात बोलत असे, आणि ग्रहण हा माझा आवडता विषय होता. मी सांगायचो, माणसाला आकाशातलं जे कळलं त्यातलं पुष्कळसं उजेडात नाही, सावलीत कळलं. चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड दर वेळी गोल दिसते, म्हणून पृथ्वी गोल. त्या सावलीच्या मापानं चंद्र मोजला गेला. गुरूचे चंद्र गुरूच्या सावलीत बुडतात. आपण गुरूपासून लांब असलो की ते बुडणं ठरल्यापेक्षा उशिरा दिसतं, त्यावरून कळलं की उजेडालाही वाट चालायला वेळ लागतो. चंद्रग्रहणात चंद्राची जमीन तासाभरात गारठून जाते. इतक्या लवकर दगड गार होत नाही, तेव्हा वर बारीक धूळ असावी असा तर्क झाला. तिथं पाय न ठेवता, नुसतं तिचा सूर्य झाकला गेल्यावर काय होतं ते बघून माणसानं तिथली माती ओळखली. हे सांगताना माझा आवाज चढायचा. कवडू पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचा, रात्रपाळी करून आलेला असला तरी.

एकोणीसशे पासष्टच्या कार्तिक अमावास्येला सकाळी सूर्यग्रहण होतं. पाकिस्तानशी लढाई थांबून दोन महिने झाले होते. खिडक्यांना लावलेले काळे कागद कित्येकांनी अजून काढले नव्हते आणि ग्रहणासाठी ते तसेच राहू द्यावेत असं घरोघर ठरत होतं. मी मंडळात सांगितलं, ज्यांना बघायचं आहे त्यांनी रुआबांध्याला कवडूच्या घरापुढे या, तिथून पूर्व मोकळी आहे, काचा मी आणतो. कोणी आलं नाही. मी सायकलवरून जात होतो तेव्हा कारखान्याच्या वसाहतीतल्या साऱ्या सेक्टरची दारं लागलेली होती. एका घरातून मूल रडत होतं आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबल्यासारखा तो आवाज एकदम बंद झाला.

पिशवीत स्टोअरातल्या पाच काचा होत्या. त्या मी तिथल्या नोंदवहीत न चढवता उचलल्या होत्या. संध्याकाळी परत ठेवायच्या, एवढंच डोक्यात होतं.

कवडू सहाला पाळी संपवून आला होता. त्याच्या अंगणात करंजाचं झाड आहे. त्याखाली त्याची बायको अनसूया उभी होती आणि दाराच्या फटीतून त्याची माय बोलत होती.

"बापू, वेध लागले हायेत. कावून माह्या पोराले बाहेर काढून राह्यला?"

"माय, पोरगा तुहा रोज आगीत पाह्यते. आज थोडा सूर्य पाह्यला तं काय होते?" मी म्हणालो.

"आग आपली हाये. सूर्य का आपला हाये?"

या बोलण्यावर मी हसलो होतो. आता वाटतं, त्या अंगणात त्या सकाळी शास्त्राचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते मायचं होतं.

कवडूला भूक लागली होती. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, भूक लागणारच. माय म्हणत होती ग्रहण सुटेपर्यंत चूल पेटणार नाही. मी अनसूयेला म्हणालो, "वहिनी, वांगी चिरून ठेवा. सुटलं का लगेच फोडणी. चिरल्यानं काही होत नाही."

"भाऊजी, तुमचं काय जाते? मंग मलेच आयकाव लागते." पण ती हसत होती. "तुमच्या पुस्तकात वांग्याची भाजी हाये का?"

"पुस्तकात लिवलं हाये का उपाशी माणसाले ग्रहण दिसत नाही."

आतून माय म्हणाली, "तिकडं सूर्याले गिळून राह्यले अन् यायले भाजी पाह्यजे!" कवडूही हसला. अनसूया विळी घेऊन करंजाखाली बसली. खरं सांगायचं तर मला कवडूच्या भुकेची काळजी नव्हती. मला मायला हरवायचं होतं.

सातनंतर सूर्याला वरच्या अंगानं चावा बसला. मी कवडूच्या हातात काच दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

"बाबूजी, हे भट्टीचीच ना?"

"तेच. रोज हातात असते तुह्या."

"मंग बराबर हाये. भट्टी तं हातभर दूर राह्यते, सूर्य लय दूर हाये. अन् आज तं थो अर्धा झाकून राह्यला."

हा हिशेब मला इतका पटला की मी तो वहीत लिहून घेणार होतो. मी स्वतः क्षणभर काचेतून बघितलं, एकदा, दोनदा. मग वही आणि घड्याळ घेऊन खाली बसलो. वेळा मी लिहायच्या आणि बघायचं त्यानं, अशी वाटणी केली. आमच्यात चांगला डोळा त्याचा होता.

आठच्या सुमाराला उजेड पातळ झाला. संध्याकाळी होतो तसा नव्हे. संध्याकाळचा उजेड पिवळा होतो, मऊ होतो. हा वरून दूध काढून घेऊन नुसतं पाणी उरावं तसा झाला. माझ्या हातावरच्या केसांच्या सावल्या वेगवेगळ्या दिसू लागल्या. कारखान्याच्या चिमण्यांचा धूर राखेच्या रंगाचा झाला. शेतात धान कापणाऱ्या बाया आज नव्हत्या, आणि कापलेल्या पेंढ्या जागच्या जागी पडल्या होत्या, जणू कापणारे मधेच कुठे नाहीसे झाले. करंजावर चिमण्या होत्या, त्या गप्प झाल्या. आणि झाडाखाली, पानांच्या फटींतून खाली येणारा उन्हाचा प्रत्येक ठिपका विळ्याच्या आकाराचा झाला. शेकडो विळे. जमिनीवर, मातीच्या भिंतीवर, अनसूयेच्या पाठीवर, तिच्या हातांवर, वांग्यावर, विळीच्या पात्यावर. वारा आला की सगळे एकदम सळसळत आणि पुन्हा स्थिर होत. एवढीशी फट आपल्या आरपार सूर्याचं चित्र पाडते, हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहायचं सोडून तेच बघत बसलो. दाराच्या फटीतून मायनंही ते पाहिलं. फट बंद झाली.

"कवडू," मी विचारलं, "चंद्राची कड पाह्य. धुकट हाये का साफ?"

"साफ हाये जी. धारेवानी."

"थरथरते का?"

तो बराच वेळ बघत राहिला. भट्टीपुढे उभा राहतो तसाच, पाय फाकवून, मान जराशी पुढे.

"नाही ना. भट्टीचं दार उघडलं का समोरची हवा कशी नाचते, तसं काहीच नाही. बाबूजी, तिथं हवाच नसंल."

मी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. चंद्रावर हवा नाही हे मी छापील पानावर वाचलं होतं. चार यत्ता शिकलेल्या या माणसानं ते माझ्यासमोर, भट्टीच्या आठवणीवरून, स्वतः शोधलं होतं. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "अजून पाह्य."

आणि तो बघत राहिला.

दुखलं असतं तर त्यानं काच खाली घेतली असती. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळत नाही, हे मला पुढे समजलं. ग्रहण सुटलं, फोडणी पडली, आम्ही वांग्याची भाजी आणि भाकर खाल्ली. कवडू म्हणाला, डोळ्यापुढे हिरवं-हिरवं दिसून राह्यलं. मी म्हणालो, झोप, जाईल. काचा मी पिशवीत भरल्या आणि स्टोअरात जागच्या जागी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटताना तो माझ्या खिडकीशी आला. खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"बाबूजी, भट्टीत इळा पडला."

"कसला विळा?"

"काळा. भट्टीत पाह्यलं, भट्टीत. भिंतीवर पाह्यलं तं भिंतीवर. रंग दिसत नाही, मधात थोच येते." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता तुमच्या तोंडावर हाये."

माझा हात आपोआप तोंडाकडे गेला.

दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टर दक्षिणेकडचे, नुकतेच आलेले, हिंदी त्यांना जमत नव्हतं. ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते आणि मी कवडूला सांगत होतो. त्यांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांत दिव्याचा बारीक झोत टाकून बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, यानं ग्रहण पाहिलं का? कशातून? मी त्या दोघांच्या मधल्या स्टुलावर बसलो होतो. पाच काचा नोंदवहीत चढवलेल्या नव्हत्या. मंडळात माझं नाव होतं. मी सांगितलं, उघड्या डोळ्यांनी पाहिलं, अडाणी माणूस आहे. डॉक्टर हळहळले. म्हणाले, सूर्याचं चित्र जिथं पडलं तेवढा पडदा भाजला आहे, सूर्य जसा होता त्याच आकारात. काही महिन्यांत थोडं सुधारेल, कदाचित नाहीही. यांना सांगणारं कोणी नव्हतं का?

"नव्हतं," मी म्हणालो.

कवडूनं विचारलं, "काय म्हणते जी डॉक्टर?"

"ग्रहण पाह्यल्यानं झालं म्हणते."

"माय म्हणेच," कवडू म्हणाला.

आकाशात ग्रहण होतं ते कोणीतरी मधे आल्यामुळे. मंडळात मी हे फळ्यावर तीन वर्तुळं काढून शिकवत असे. त्या दिवशी स्टुलावर बसलेला मधला मी होतो. मी एक शब्दही चुकीचा सांगितला नाही कवडूला, आणि तरी त्याच्यापर्यंत काहीच पोचू दिलं नाही.

पुढे मी पुस्तकं काढून शोधत बसलो. भट्टीची काच भट्टीच्या पिवळ्या झगझगाटासाठी केलेली असते. निळा उजेड ती आत येऊ देते, न दिसणारी उष्णताही येऊ देते. भट्टीपुढे तेवढं चालतं. सूर्यापुढे नाही. लांब असल्यानं तो निवत नाही. त्याचं चित्र डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढं पडतं, पण त्या टोकावर सूर्यच असतो. अर्धा झाकला तरी उरलेला अर्धा पुरा सूर्य. हे सगळं मला दोन आठवड्यांत कळलं. सांगायला तीन वर्षं लागली.

मायला मात्र पुस्तक लागलं नाही. तिनं सून विळीवर बसलेली पाहिली होती. तिच्या अंगभर विळे फिरताना पाहिले होते. आणि आता पोराच्या डोळ्यात विळा होता. याहून सरळ पुरावा कुठला? दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ती विळी फडक्यात गुंडाळून जवळच्या दुर्गला नेली आणि शिवनाथ नदीत सोडली. त्या दिवसापासून त्या घरात काही चिरलं जात नाही. अनसूया शेंगा हातानं मोडते, पालेभाजी हातानं तोडते, वांगी अख्खी भाजते. कांदा बुक्कीनं फोडते. मी जायचो तेव्हा ती भाजी तोडताना येणारा बारीक आवाज ऐकू यायचा, कट्, कट्, आणि बाकी घर शांत असायचं. पूर्वी कार्तिकात ती रुआबांध्याच्या बायांबरोबर धान कापायला जायची. आता तिला कोणी बोलावत नाही. तिचा हात विळ्याला लागलेला कोणाला नको आहे. लग्नघरात भाजी चिरायला बाया बसतात तेव्हा ती उठून भांडी घासायला जाते, कोणी सांगायच्या आत.

कवडूला भट्टीवरून काढून फाटकाजवळच्या सायकल स्टँडवर दिलं. तिथं त्याला भेटणं मला फार जड जायचं. समोरचा माणूस बघायचा असेल तर त्याला बाजूला बघावं लागतं. सरळ बघितलं की मधे विळा येतो. त्यामुळे तो बोलताना तुमच्या कानाच्या पलीकडे, कोणीतरी मागे उभं आहे अशा ठिकाणी बघतो. मी कितीदा मागे वळून पाहिलं आहे. सायकलींचे बिल्ले तो बोटांनी वाचतो. आणि नव्या पोरांना मोठ्या आनंदानं सांगतो, "चंद्रावर हवा नाही. पुस्तकातलं नाही सांगत, म्या पाह्यलं." पोरं म्हणतात, "चाचा, और क्या देखा?" तो म्हणतो, "बस, इतलंच. मंग डोळाच गेला." पोरं हसतात, तोही हसतो.

दुसऱ्या वर्षी एकदा अनसूयेनं मला विचारलं. माय मंदिरात गेली होती. अनसूया शेंगा मोडत होती, वर न बघता म्हणाली, "भाऊजी, तुमी तं पुस्तकं वाचता. इळीनं असं होते का?"

मी विज्ञानावर बोलणारा माणूस. गावात दुसरा कोणी नव्हता ज्याला ती हे विचारू शकत होती.

"सांगता येत नाही, वहिनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पुन्हा कट्, कट्.

जुन्या काळच्या लोकांनी ग्रहणं लिहून ठेवली आहेत. आजचं गणित मागे नेलं तर ती ठरल्या जागी बसत नाहीत, थोडी सरकलेली निघतात. त्यावरून कळतं की दिवस लांबत चालला आहे, अगदी थोडाथोडा, कोणाला जाणवणार नाही असा. ती तीन वर्षं मला अशीच आठवतात. रोज मी नेहमीसारखा उठलो, स्टोअर उघडलं, काचा दिल्या आणि घेतल्या. दर दिवस थोडा लांब होता.

यंदा कोजागिरीला चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला. मंडळानं दुधाचा कार्यक्रम रद्द केला. संध्याकाळी मी सायकल काढली. कुठं जातो आहे हे मला माहीत होतं, पण ते मी स्वतःला सांगितलं नव्हतं. रुआबांध्याच्या वाटेवर उभा राहून पूर्वेकडे पाहिलं, तिथं काहीच नव्हतं. बराच वेळ नव्हतं. मग धुरकट आभाळात नखाएवढा उजेड दिसला, आणि त्याला चिकटून तांबूस, जड, डाग पडल्यासारखा बाकीचा चंद्र. कोणीतरी वितळलेलं लोखंड तिथं ओतून निवायला सोडलं आहे असं वाटलं. सावलीची कड गोल होती. ती आपलीच सावली. तीत मी होतो, माझी सायकल होती, कारखाना होता, सगळं एका काळ्या कडेत मिसळलेलं.

कवडू अंगणात बाजेवर बसला होता, चंद्राच्या बाजूला कुठेतरी बघत. ओसरीवर अनसूया भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, मनगटापर्यंत.

"हे काय?" मी विचारलं.

"गिराण हाये ना जी," कवडू म्हणाला. "मायनं सांगतलं, हिनं हात उघडे नाही ठेवाचे."

मी तिच्या बाजूला गेलो. तिच्या गालावर डास बसला होता. पोट लाल होऊन फुगलेला. तिला तो कळत होता, गाल एकदा हलला. पण हात पदराबाहेर आला नाही. तो डास पोट भरून आपल्या आपण उडून गेला.

मी म्हणालो, "माय, बाहेर ये. मले बोलाचं हाये."

"सुटू दे गिराण."

"नाही, आताच."

माय दारात आली. मी उभ्यानंच बोललो. काच कुठली, कुणी आणली, कुणी दिली. ती सूर्यासाठी नव्हती. मला माहीत असायला हवं होतं, नव्हतं. अजून पाह्य असं मी म्हणालो. कवडू बाजेवरून हलला नाही.

माय म्हणाली, "मंग इतले साल कावून नाही बोलला, बापू?"

"भेलो, माय. नोकरीले भेलो. अन् लोक हसतीन म्हनून."

"अन् हे? हे पोरगी?" मायचा आवाज फुटला. "म्या हिले काय काय बोलली."

कवडूनं विचारलं, "डॉक्टरले काय सांगतलं होतं तुमी?"

"का तू अडाणी हायेस. उघड्या डोळ्यानं पाह्यलं."

"अडाणी," तो म्हणाला. मग त्यानं मान फिरवली आणि माझ्या चेहऱ्याकडे अगदी सरळ पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. असं बघितलं की समोरचा त्याला दिसत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याची माफी मी मागितली. पायाला हात लावला, त्यानं पाय मागे घेतला नाही. मग मी ओसरीशी गेलो. अनसूया अजून भिंतीकडेच बघत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि हात जोडले.

"वहिनी, तुमी वांगं चिरलं त्यानं काहीच झालं नाही. चिराले म्याच लावलं होतं. कवडूच्या डोळ्याचं म्या केलं, अन् तीन वर्षं तुमच्या नावावर राहू देल्लं. तुमी मले सरळ इचारलं, तेव्हा मले माहीत होतं, तरी सांगता येत नाही म्हणालो. तुमची काहीच चूक नव्हती. माही होती, सगळी. मले माफ करा."